जळकी खुर्ची अकराव्या नंबरावर

तीर्थस्वरूप दादास,

गेली दोन वर्षं सात महिने न केलेले सगळे नमस्कार आज एकगठ्ठा करतो, ते गोड मानून घ्यावेत. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची कंबर आता कशी? दुकानाच्या पायऱ्या अजून स्वतः चढतोस, की दुरुस्तीला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आलेल्या माणसाला वरूनच ओरडून घरी पाठवतोस? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहितो. आई (म्हणजे तुझी मावशी) ब्याऐंशीची झाली, पण मी स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा नुसता हलवला तरी आतल्या खोलीतून मला नावानिशी हाक मारते, इतका तिचा कान शाबूत. हीसुद्धा बरी आहे. मीच तेवढा बरा नाही. भूक लागते, झोप लागते, रक्तदाब जिथल्या तिथे आहे, आणि तरी मी पार खचलेला माणूस आहे. कारण आपली यादी.

यादी हा शब्द वाचून तू पत्र टेबलावर आपटलं असशील, तर कृपा करून परत उचल. रागात माणूस चांगलंही विसरतो, म्हणून पहिल्यापासून सांगतो. हे शतक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा तुझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका सीडी प्लेअरच्या पोटात एक सीडी अडकली होती. मालकाने ती परत नेली नाही (का नेली नाही ते ऐकल्यावर कळलं). तू ती लावलीस, आणि आपण दोघे चांगले शहाणेसुरते, बायकापोरांचे धनी, हातातलं काम टाकून तासभर जागचे हललो नाही. असला आवाज माणसं मुद्दाम करतात आणि तो तालात असतो, हे आपल्याला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून रॉक आणि मेटलचा जो नाद लागला तो सुटला नाही. बँडची नावं आपल्याला कधी वाचता आली नाहीत, कारण त्यांची अक्षरं कुंपणावरच्या काट्यांसारखी एकमेकांत गुंतलेली. म्हणून आपण कव्हरवरच्या चित्रावरून नावं पाडली. गाढवाची कवटी, बुडालेला पूल, ओला कुत्रा, आणि अर्थात जळकी खुर्ची. मग तू नियम केलेस. दर वर्षीच्या पहिल्या रविवारी दोघांनी एकमेकांना पंचवीस अल्बमांची क्रमवार यादी टपालाने पाठवायची. अल्बम याच शतकातला हवा (आधीच्या शतकातलं काढणं म्हणजे मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हे तुझंच). तो एका बैठकीत पहिल्यापासून शेवटापर्यंत ऐकलेला हवा. मधे उठलास की बाद. आणि प्रत्येक नंबराला एका ओळीचं कारण हवं, 'आवडला' हे कारण धरलं जाणार नाही.

जळकी खुर्ची अकरा वर्षं दोघांच्याही यादीत पहिली होती. (बाकी चोवीस नंबरांवर आपलं कधी जमलं नाही. ओला कुत्रा तू विसाव्यावर का ठेवायचास हे मला आजही कळलेलं नाही, पण आज भांडायची ताकद नाही.) तुला सगळं पाठ आहे, तरी मला लिहून बघायचंय. सुरुवातीचे ड्रम असे, की वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवतंय. मग दोन गिटारी एकमेकींच्या उरावर बसतात. गाणारा बाबा सलग चाळीस मिनिटं कोणाला तरी शिव्या देतो; कोणाला ते आपल्याला कळलं नाही, पण त्याचं म्हणणं रास्त आहे असं वाटत राहतं. आणि शेवटी एकेक जण उठून जातो. एक गिटार जाते, दुसरी जाते, ड्रम थांबतात, आणि मागे राहिलेला एक माणूस झांजेच्या कडेला काठीचं टोक हळूच टेकवतो. नऊ वेळा, दर वेळी आधीपेक्षा हलकं. त्या नऊ टोल्यांबद्दल तू पहिल्या यादीत कारण लिहिलं होतंस, 'यानंतर बोलू नये.' आपण खरंच बोलायचो नाही. तू चहा करायला उठायचास.

सहा वर्षांपूर्वी माझी सीडी ओरखडे पडून गेली. नवी प्रत आणली, लावली, आणि शेवटचे नऊ टोले गायब. ड्रम थांबले की सगळं संपलं, नुसता रिकामा फुसफुसाट. माझं डोकंच फिरलं. मी कंपनीला पत्र लिहिलं की नव्या छपाईत आपण अल्बमाचा आत्मा कापून टाकला आहे. उत्तर आलं की काही कापलेलं नाही. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं की खरोखरच काही कापलेलं नाही. तिसऱ्या पत्रात मी विचारलं की गिऱ्हाइकाला बहिरं समजता काय, त्यावर तिथल्या कोणा सभ्य बाईंनी लिहिलं की आपण एकदा कान तपासून घेतलेत तर बरं होईल. मी! बावीस वर्षं लोकांचे कान तपासणारा मी! चौथं पत्र मी दवाखान्याच्या छापील कागदावर, हुद्द्यासकट, शिक्का मारून धाडलं. त्याला उत्तर आलं नाही, आणि त्यांनी शरमेने मान खाली घातली असा मी त्याचा अर्थ लावला.

तिथून खुर्ची घसरू लागली. पहिलीवरून चौथी, मग सातवी, मग अकरावी. कारणाच्या ओळीत मी लिहायचो, 'ध्वनिमुद्रण मढ्यासारखं.' तू मात्र तिला पहिल्या नंबरावर धरून बसलास, आणि पुढे काय झालं ते तू विसरणार नाहीस. भाचीच्या वाढदिवसाला, चाळीस माणसांत, मी मोठ्याने म्हणालो की दादाचे कान गेलेत, घेऊन या दवाखान्यात, घरचा माणूस म्हणून फुकट तपासून देतो. लोक हसले. तू ताट न घेता निघालास. वहिनी दारातून वळून माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, दादा, त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवलो, कारण मला वाटत होतं मी वाद जिंकलोय.

आता मुख्याध्यापिका बाईंकडे येतो, कारण माझं जे काही वाटोळं झालं ते त्यांच्या हातून. आमची तपासणीची खोली तू पाहिलेली नाहीस. मोठ्या कपाटाएवढी, भिंतींना जाड गाद्या, दुहेरी काच. आत पेशंट बसतो, उजव्या कानावर लाल, डाव्यावर निळा हेडफोन, हातात एक बटण. काचेच्या बाहेर मशीनवर मी. मी बारीक सूर सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो, मी कागदावर खूण करतो. एवढी शांत जागा आख्ख्या शहरात दुसरी नसेल. घरी सेहेचाळीस मिनिटं सलग बसणं अशक्य (आई, ही, शेजाऱ्यांचा मिक्सर, आणि तिघांनाही माझा अल्बम सुरू झाला की माझी आठवण येते), म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी माझा प्लेअर मशीनला जोडून आत जाऊन बसतो आणि यादीचं काम करतो. एका मंगळवारी ओला कुत्रा ऐकून उठलो आणि वायर काढायची विसरलो, आणि प्लेअर आपला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुढचा नंबर बाईंचा होता. वय एक्क्याऐंशी, गणिताच्या शिक्षिका, नंतर मुख्याध्यापिका, अकरा वर्षांपासून ऐकायला कमी. मी नेहमीप्रमाणे सूर सोडला. दिवा लागला. सूर कमी केला, दिवा तसाच. बंद केला असं मला वाटलं, तरी दिवा तसाच. बटण अडकलं म्हणून मी मशीनला एक चापट मारली (तुझ्याकडून शिकलेली दुरुस्ती), तरी दिवा जळतोच आहे. तीन-चार मिनिटांनी दार उघडून आत गेलो तर बाई ताठ बसलेल्या, डोळे मिटलेले, दोन्ही अंगठ्यांनी बटण घट्ट दाबून धरलेलं, आणि हेडफोनमधून ओला कुत्रा भुंकतोय. मी धावत जाऊन वायर उपटली. मला वाटलं आता नोकरी गेली. बाईंनी डोळे उघडून विचारलं, "बंद का केलंत?" मग म्हणाल्या की अकरा वर्षांत लोकांची अर्धीमुर्धी वाक्यंच त्यांच्यापर्यंत पोचतात, शेवटचे शब्द वाटेत गळतात, आज पहिल्यांदा काहीतरी अख्खं आलं.

तेव्हापासून त्या दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत हजर. यादी बघायला मागितली. मी कौतुकाने दिली, तर पर्समधून लाल पेन काढून विचारतात, निकष काय? दादा, इतकी वर्षं आपण नंबर देतोय आणि निकष काय हे तू मला कधी विचारलं नाहीस, मी तुला विचारलं नाही. त्यांनी स्वतःच शंभरपैकी गुण द्यायला घेतले. ओल्या कुत्र्याला एक्क्याण्णव. बुडालेल्या पुलाला पस्तीस, शेरा 'पाल्हाळ'. आणि बैलाला, माझ्या सध्याच्या पहिल्या नंबराला, चक्क नापास. (बैल तुला माहीत नाही, तो आपलं बोलणं बंद झाल्यावर आला. त्यात झांज नाही, बारीक गिटार नाही, चाळीस मिनिटं नुसता खालचा घुमारा. घरी लावला की हिला वाटतं पाण्याचा पंप चालू राहिला. दोनदा जिना उतरून बघून आली आहे.) बाईंचं म्हणणं, "एकच रेघ ओढलीय हो त्याने. तुम्हाला यात दिसतं तरी काय?" मी मनात म्हटलं, म्हातारपण. वरून मात्र हसलो.

मग त्यांना कानातलं नवीन मशीन बसवलं, आणि पुढच्या मंगळवारी आम्ही खोलीतल्या स्पीकरवर जळकी खुर्ची लावली. बाई पेशंटच्या खुर्चीत, मी स्टुलावर, गुडघ्याला गुडघा. अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन शिव्यांचे कापले. मग कागद खाली ठेवून म्हणाल्या की शेवटी सगळे गेल्यावर ते जे बारीक किणकिणतं, ते फार छान आहे, नऊ वेळा वाजतं.

नऊ हा आकडा मी त्यांना कधीच सांगितलेला नव्हता.

मी त्यांना समजावलं की नव्या प्रतीत टोले नाहीतच, हा कंपनीचा कारभार आहे, माझ्याकडे पत्रव्यवहार आहे. ड्रॉवर उघडून पत्रं दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. रिमोट त्यांच्या हातात. टोला ऐकू आला की बोट वर करायचं. मी बोट वर केलं. एक, दोन, तीन, प्रत्येकाला मधे तेवढाच श्वास, बरोबर नऊ, शेवटची बोटं तर टोल्यासारखीच हलकी उचलली. वळलो तर बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मला चौथीतलं काहीतरी आठवलं. म्हणाल्या, "ड्रम थांबले तेव्हाच मी बंद केलं होतं. कॉपी करणारी मुलं मला पाठीवरून कळतात." आणि मग, आवाज अगदी खाली आणून, "किती वर्षं झाली?"

मी घरी येऊन फाइल काढली. तुला पाठवलेल्या प्रत्येक यादीची नक्कल माझ्याकडे आहे, आणि बोलणं बंद झाल्यावरच्या, न पाठवलेल्या याद्याही. सगळ्या जमिनीवर पसरल्या (हिला वाटलं मी राजीनामा लिहितोय). गाढवाच्या कवटीत ती किंचाळणारी गिटार आहे ना, ती आठ वर्षांपूर्वी माझ्या यादीतून गेली, कारण लिहिलंय, 'धार नाही.' बुडालेल्या पुलात झांजा फार, तो तेराव्यावर. जड, खालचा, दणादण आवाज असलेले सगळे वर वर चढत आलेत आणि टोकाला बैल बसलाय. एखाद्या पेशंटने हे कागद माझ्यासमोर ठेवले असते तर मी मशीनकडे न वळताच सांगितलं असतं की वरचे सूर गेले, मोठ्या आवाजात ऐकत होतात का? आणि बोट उगारून त्याला पाऊण तास सुनावलं असतं. रोज सुनावतोच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आम्ही भिंतीवर लावलेलं हेडफोनचं चित्र, लाल फुली मारलेलं, तेसुद्धा मीच चिकटवलंय, आणि त्याच्याचखाली डबा उघडून बैल ऐकत बसतो.

अल्बमांचं जाऊ दे, दादा. माझ्या कामात आणखी एक तपासणी असते. मी माइकवर शब्द वाचतो, पेशंट आतून तो परत म्हणतो, बरोबर की चूक ते मी लिहितो. गेल्या महिन्यात मी एका शिंप्याला शंभरपैकी चव्वेचाळीस दिले. डॉक्टरांना शंका आली म्हणून त्यांनी स्वतः बसून पुन्हा घेतले, तर अठ्ठ्याऐंशी आले. डॉक्टर भला माणूस, म्हणाला त्या दिवशी पेशंट दमला असेल. पेशंट दमला नव्हता. तो बरोबर म्हणत होता आणि मी चूक लिहीत होतो. तेव्हापासून घसा बसल्याचं सांगून मी ती तपासणी दवाखान्यात माझ्या बरोबर काम करणाऱ्या बाईंकडे ढकलली आहे, आणि सारखं मनात येतं की त्या शिंप्याआधी आणखी किती जणांना मी असं नापास केलं असेल. त्यांतले किती जण घरी जाऊन बायकोला म्हणाले असतील की माझं आता ऐकणं संपलं. वर लिहिलं की झोप लागते, ते खोटं आहे.

तुझे कान गेले नव्हते. नऊ टोले तू ऐकत होतास, म्हणून खुर्ची तुझ्याकडे पहिली राहिली. मी चाळीस माणसांत तुझा अपमान केला आणि माफी मागतोय बंद पाकिटात, हे काही बरोबर नाही. तू म्हणशील तर चाळीसही जणांना वेगळं पत्र लिहीन (त्यातले तिघे वारले, त्यांच्या घरच्यांना लिहीन).

वहिनींना नमस्कार सांग आणि त्या हे पत्र वाचणार असतील तर खालचा मजकूर त्यांना आधी वाचू दे, त्यांचं मन तुझ्यापेक्षा लवकर वळतं.

तुझा,
अजून धाकटाच

ता. क. १: यंदाची यादी सोबत जोडली आहे, शेजारी बाईंचे गुण लाल शाईत. बैल काढून टाकला. खुर्ची मात्र अकराव्यावरच ठेवली आहे, रागावू नकोस. ती पहिली आहे हे मला कळतं, पण जे मला ऐकू आलं नाही त्याला पहिला नंबर देणं आपल्या नियमात बसत नाही. कारणाची ओळ कोरी सोडली आहे.

ता. क. २: पत्राचं खरं कारण हे. मी स्वतःची तपासणी चार वेळा केली. मशीन दाराशी ओढून घेतलं, हेडफोन लावला, एका हाताने सूर सोडला, दुसऱ्या हाताने बटण दाबलं. चारही वेळा माझा कान वीस वर्षांच्या पोराचा निघाला. सूर केव्हा सुटला ते माझ्या बोटाला ठाऊक असतं, त्याला काय करणार? हे दुसऱ्यानेच करावं लागतं. बरोबरच्या बाईंना सांगितलं तर त्यांना डॉक्टरांपासून लपवावं लागेल, आणि हिला सांगितलं तर ही रडेल. तू ये. कुठल्याही रविवारी ये, दवाखान्याची किल्ली माझ्याकडे असते. अ‍ॅम्प्लिफायर उघडणाऱ्याला ते मशीन म्हणजे खेळणं आहे. फक्त दोन सुरांमधलं अंतर सारखं ठेवू नकोस, मी मोजेन. काचेतून माझ्या तोंडाकडेही बघू नकोस. सूर नसताना मी बटण दाबलं तर तेही लिही. जो आकडा येईल तो तू मला सांग, आणि डॉक्टरांना मग मी सांगेन, त्याच सोमवारी, शिंप्यासकट.

ता. क. ३: हे वाचल्यावर तू तडक फोन लावशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. लावू नकोस. वहिनींच्या कमरेचं ऑपरेशन झालं (मला ते महिन्याने आईकडून कळलं), त्या आठवड्यात तुझा एक फोन आला होता. तू बराच वेळ बोलत होतास. आवाज तुझा आहे एवढं कळलं, शब्द एकही लागला नाही, आणि इतक्या दिवसांनी फोन करणाऱ्या माणसाला 'पुन्हा सांग' म्हणायची मला लाज वाटली. म्हणून मी 'बरं, बरं' म्हणून ठेवून दिला. त्या दिवशी तू काय सांगत होतास, ते आलास की समोर बसून सांग.